सयाजीराव नावाचा घोडा

मोहन्याच्या चाळीत आमचे थोरले मामा शेजारच्याच खोलीत राहत. कारखान्याचा भोंगा, पाळी, अंघोळ, भाकरी आणि झोप एवढंच त्यांचं आयुष्य. पण थंडीच्या मोसमात रविवार आला की इस्त्रीचा सदरा अंगात घालून ते आंबिवलीला लोकल पकडत आणि दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला जात. रात्री परतताना रेसचं पुस्तक हातात असलं तर ठीक. नसलं तर ते वाटेत कुठेतरी फाडून टाकलंय आणि पैसे गेलेत, हे मामीला न सांगता कळायचं.

असंच एकदा ओट्यावर बसून त्यांनी आम्हा पोरांना सांगितलं, की विलायतेत सयाजीराव नावाचा एक घोडा होऊन गेला, बडोद्याच्या राजाचा. तिथली मोठी रेस मारली त्यानं. महालक्ष्मीच्या एका म्हाताऱ्या सईसानं त्यांना हे सांगितलं होतं. आई आतून म्हणाली, "दादा, काहीतरीच काय सांगतोस पोरांना! आजोबांचं नाव कुणी जनावराला देतं का?" मामा गप्प बसले. आमच्या घरात तो विषय तिथेच मिटला.

तो पुन्हा उघडला तो फार वर्षांनी आणि आडवाटेनं. मी तेव्हा बदलापूरच्या ना. गो. चापेकरांविषयी वाचत होतो. १९३४ साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या निमित्तानं बडोद्याविषयी मिळेल ते वाचावं म्हणून कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागलो. एका इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी नामसूची होती, आणि तीत सयाजीराव दोनदा आले होते. एका नोंदीपुढे महाराजा, दुसरीपुढे घोडा. मामा तेव्हा हयात नव्हते.

मग मी त्या घोड्याच्या मागे लागलो. जे हाती आलं ते असं.

या घोड्याचा जन्म १९४४ चा, इंग्लंडमधला. बाप निअर्को, आई रोझी लेजंड. रेसच्या घोड्याची कहाणी आईबापांपासूनच सुरू करावी लागते, कारण थरोब्रेड ही जातच वंशावळीवर उभी आहे. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची पितृवंशाची रेघ तीन मूळ नरांपैकी एकाकडे जाते : डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क. इंग्लंडमध्ये १७९१ पासून या वंशावळीचं छापील पुस्तक निघतं. आपल्याकडे कुळकर्ण्याच्या दप्तरात जमिनीची नोंद नसेल तर जमीन नाही, तसं या पुस्तकात नाव नसेल तर घोडा कितीही धावो, थरोब्रेड नाही.

निअर्को इटलीचा. फेदेरिको तेसिओ या विलक्षण माणसाच्या पागेतला. चौदा शर्यती पळला, चौदाही जिंकला. मग साठ हजार पौंडांना इंग्लंडमध्ये विकला गेला आणि महायुद्धात न्यूमार्केटला त्याच्यासाठी बॉम्बपासून बचावाचा खास निवारा बांधण्यात आला. अशा बापाचा आणि रोझी लेजंडचा थोरला मुलगा डान्टे. १९४५ साली त्यानं डर्बी जिंकली. त्याचा सख्खा धाकटा भाऊ त्याच वर्षी लिलावात आला, तेव्हा तो वर्षाचं शिंगरू होता. पाठीवर खोगीर चढलेलं नव्हतं, धावतो कसा हे कुणी पाहिलेलं नव्हतं. बोली गेली अठ्ठावीस हजार गिनीवर. एवढ्या वयाच्या शिंगरासाठी तोवर कुणी एवढी किंमत मोजलेली नव्हती. घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

ही रक्कम मी रुपयांत मांडून पाहिली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, म्हणून २९,४०० पौंड. तेव्हा रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स. हिशेब येतो तीन लाख ब्याण्णव हजार रुपये. पण रुपयांपेक्षा मला दुसराच हिशेब अस्वस्थ करून गेला. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला न्यूयॉर्कला शिकायला पाठवताना बडोदा संस्थानानं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती. छत्तीस महिन्यांचे होतात ४१४ पौंड. म्हणजे त्या एका शिंगराच्या किमतीत अशा एकाहत्तर शिष्यवृत्त्या. १९१३ चा पौंड आणि १९४५ चा पौंड सारखा नव्हे, दोन महायुद्धांनी त्याची किंमत बरीच उतरवली होती, हे मान्य. तरी निम्म्यानं, अगदी तिपटीनं कमी करून धरलं तरी आकडा बोचायचा राहत नाही.

शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव आणि घोड्याला ज्यांचं नाव मिळालं ते सयाजीराव एकच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, त्यानं १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, गावोगावी ग्रंथालयं नेली. ते काही साधू नव्हते. लक्ष्मीविलास राजवाडा त्यांच्याच काळातला, युरोपच्या वाऱ्याही पुष्कळ केल्या. १९३९ मध्ये ते वारले आणि नातू गादीवर आला. नातवाला घोड्यांचा नाद होता. १९४३ साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली, ती त्यांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं जिंकली. तिच्यावर जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. युद्ध संपताच महाराजांनी ब्रिटला इंग्लंडला नेलं, न्यूमार्केटची 'वॉरन प्लेस' ही वास्तू घेतली आणि सॅम आर्मस्ट्राँगला ट्रेनर म्हणून तिथे बसवलं. पुढे हीच पागा नोएल मर्लेस आणि हेन्री सेसिल यांच्यामुळे गाजली. आपल्या काळातला अजिंक्य घोडा फ्रँकेल तिथेच तयार झाला, आणि त्याचाही हिशेब निअर्कोसारखाच, चौदापैकी चौदा.

थरोब्रेडच्या आयुष्यात खरं वर्ष एकच, तिसरं. ज्या मोठ्या शर्यतींना इंग्रज 'क्लासिक' म्हणतात त्या फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात. वसंतात न्यूमार्केटला एक मैलाची टू थाउजंड गिनीज, जूनमध्ये एप्समला दीड मैलाची डर्बी आणि सप्टेंबरात डॉनकॅस्टरला पावणेदोन मैलांहून थोडी जास्त अशी सेंट लेजर. पहिलीत वेग लागतो, शेवटचीत दम. आमच्या सयाजीरावाचं ते वर्ष नेमकं १९४७ आलं.

गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रल नावाचा घोडा आठ लांब्यांनी पुढे निघून गेला आणि सयाजीराव तिसरा आला. मग लिंगफील्डची चाचणी-शर्यत त्यानं मारली. डर्बीत सगळ्या इंग्लंडनं ट्यूडर मिन्स्ट्रलवर पैसे लावले होते. तो चौथा आला. चाळीसाला एक भावाचा पर्ल डायव्हर पहिला, आगाखानांचा मिगोली दुसरा, आणि सयाजीराव पुन्हा तिसरा. त्यानंतर आयर्लंडला जाऊन त्यानं तिथली डर्बी जिंकली. महालक्ष्मीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तिसरा येणारा घोडा दोन प्रकारचा असतो : एक तेवढीच कुवत असलेला आणि दुसरा ज्याला अंतर पुरलं नाही असा. सयाजीराव दुसऱ्या प्रकारचा होता. सप्टेंबरात, हिंदुस्थान स्वतंत्र होऊन महिनाही झालेला नसताना, एडगर ब्रिटनं त्याला सेंट लेजरमध्ये उतरवलं. लांब पल्ल्यात त्याचा दम कामी आला आणि आर्बार या घोड्याला त्यानं डोकंभर अंतरानं मागे टाकलं. मिगोली या वेळी मागे पडला. थोरला भाऊ डान्टे ज्या शर्यतीत उतरूच शकला नव्हता, ती धाकट्यानं जिंकली. पुढच्या वर्षी अॅस्कॉटची हार्डविक स्टेक्सही त्यानं मिळवली, आणि १९४८ ची टू थाउजंड गिनीज महाराजांच्याच दुसऱ्या घोड्यानं, 'माय बाबू'नं. हा आधी 'लेरिन्स' होता. महाराजांनी त्याचं बारसं नव्यानं केलं.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो, कारण मला तो हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. गायकवाडांचं घराणं घोड्यावरच मोठं झालं. पिलाजीराव, दमाजीराव यांच्या वेळचा घोडा हा शिलेदाराचा जोडीदार. तो मेला तर स्वाराचं अर्धं बळ गेलं. पण त्या जोडीदारालासुद्धा आपल्याकडे कुणी आजोबांचं नाव दिलं नसतं. वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हीच जिथे रीत, तिथे लगाम लावून चाबूक मारायच्या प्राण्याला ते कसं द्यायचं? इंग्रजांच्या मैदानावर मात्र रीत उलटी आहे. तिथे नाव दिलं म्हणजे मान दिला. याच घोड्याच्या सख्ख्या भावाला महाकवीचं नाव होतं आणि त्यानं एकाही इटालियनाचा अपमान झाल्याचं माझ्या वाचनात नाही. प्रतापसिंहरावांनी त्या मैदानाची भाषा आत्मसात केली होती, आणि त्या भाषेत त्यांनी आजोबांना सर्वांत महागड्या शिंगराएवढं मोठं केलं होतं. माझ्या मते त्यांना त्यात विसंगती दिसलीच नसावी.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणतो, कारण याच माणसानं ३० एप्रिल १९४९ रोजी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन केलं. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदा मुंबई प्रांतात विलीन झालं. आजोबांच्या मनातलं विद्यापीठ नातवानं राज्याच्या अखेरच्या दिवशी उभं केलं, आणि तेव्हा सयाजीराव हे नाव न्यूमार्केटच्या लोकांच्या तोंडी दोन वर्षं खेळत होतं. नातवाच्या खर्चावर टीका करणारे लोक विद्यापीठ विसरतात, आणि विद्यापीठाची स्तुती करणारे घोड्याचा उल्लेख टाळतात. मला दोन्ही नोंदी एकाच चोपडीत हव्यात.

संस्थानांत राजाच्या घरखर्चाचं खातं 'खानगी' म्हणून वेगळं ठेवत, पण खानगी आणि राज्य यांच्यामधली भिंत राजाच्या मर्जीवर उभी असे. बडोद्याच्या तिजोरीतून उचललेल्या मोठ्या रकमांचा हिशेब पुढे भारत सरकारनं मागितला. १९५१ मध्ये महाराजांची मान्यता काढून घेतली गेली आणि मुलगा फत्तेसिंहराव यांना ती मिळाली.

घोड्याचं मात्र नीट चाललं. जॉकी उतरल्यावर चांगल्या नराची खरी कमाई सुरू होते. सयाजीरावाची मुलगी ग्लॅडनेस १९५८ मध्ये अॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकली. मुलगा इंडियाना १९६४ मध्ये बापाचीच सेंट लेजर जिंकला. दुसरा मुलगा आय से १९६५ च्या डर्बीत धावला आणि बापासारखाच तिसरा आला. माय बाबूच्या एका मुलीचं नाव अमेरिकेत 'केरला' ठेवलं गेलं. तिचा मुलगा डमॅस्कस १९६७ साली अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला.

सयाजीराव १९६६ मध्ये मेला, त्याचे मालक १९६८ मध्ये लंडनला वारले. आई अजून आहे. गेल्या दिवाळीत तिला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दादानं कधी लावले होते का रे पैसे त्याच्यावर?" मी म्हटलं, "अगं, तो विलायतेत पळायचा आणि तेव्हा मामा पाळण्यात होता." त्यावर तिनं चष्मा काढून ठेवला.