अठरा वर्षांची अट कशासाठी?

शिकवणीचे वर्ग दूर, परीक्षा जवळ आलेली आणि घराच्या दारात स्कूटर उभी. अशा वेळी ‘मला गाडी उत्तम चालविता येते, मग अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबायचे कशासाठी?’ हा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांच्या मनात यावा, हे स्वाभाविक आहे. ‘कायदा आहे म्हणून’ एवढ्या उत्तराने जिज्ञासू मनाचे समाधान होत नाही. यास्तव कायदा काय सांगतो व का सांगतो, या दोहोंचा आपण थोडक्यात विचार करू.

१९८८ चा मोटार वाहन कायदा साऱ्या देशास लागू आहे. त्यामुळे बेळगाव असो, कोल्हापूर असो वा पणजी, नियम एकच. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून कोणासही सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविता येत नाही. बस, ट्रक यांसारख्या वाहतुकीच्या वाहनांसाठी ही मर्यादा वीस वर्षांची आहे. सवलत एकच : जिला गिअर नाहीत व जिच्या इंजिनाची क्षमता ५० घन सेंटिमीटरहून अधिक नाही, अशी दुचाकी सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींस पालकांच्या लेखी संमतीने परवाना काढून चालविता येते. परंतु आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटरांची इंजिने बहुधा शंभर ते सव्वाशे घन सेंटिमीटरांची असतात. त्यांना ही सवलत मिळत नाही. ‘गल्लीतल्या गल्लीतच तर जातो’ हे समर्थनही टिकत नाही. कारण लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे अशी प्रत्येक वाट कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागाच होय.

आता कारणांकडे वळू. वाहन चालविणे म्हणजे केवळ तोल सांभाळणे नव्हे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर एखादे मूल धावत आलेले दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढी वाट सरलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतरही सुमारे चौपट होते. विज्ञानाच्या तासाला हे गणित आपण सावकाश सोडवितो; रस्त्यावर तेवढी सवड नसते. धोक्याचा अंदाज घेणे व मोह आवरणे, यांत मेंदूच्या पुढील भागाचा मोठा वाटा असतो, आणि तो भाग विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत असतो. पाठीमागे मित्र बसला की या वयातील धाडस वाढते, हेही अभ्यासकांस आढळले आहे. अठराव्या वाढदिवशी विवेक एकाएकी पूर्णत्वास पोहोचतो असे नव्हे; परंतु मर्यादा कोठे तरी घालावीच लागते, आणि आपल्या कृत्यास माणूस स्वतः जबाबदार ठरतो त्या वयाशी कायद्याने ती घातली आहे.

तोवर जबाबदार कोण? २०१९ च्या दुरुस्तीने याचे स्पष्ट उत्तर दिले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून या कायद्याखाली गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. आपणांस ठाऊक नव्हते, अथवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकांवरच असतो. जखमी माणसास विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय तिला देऊ शकते.

म्हणून आमचे सांगणे मुलांइतकेच वडीलधाऱ्यांसही आहे. ‘जरा बाजारातून भाजी घेऊन ये’ म्हणून किल्ली पुढे केली जाते, तेव्हा नियम मुलाने नव्हे, घराने मोडलेला असतो. सायकल आहे, बस आहे. अठरा वर्षे पूर्ण होताच शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो, आणि किमान तीस दिवसांच्या सरावानंतर चाचणी देता येते. त्या दिवसाची वाट पाहण्यात कमीपणा नाही; रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवाची ती कदर आहे.