निळ्या ज्योतीमागचा लाल सिलिंडर

कचऱ्यातून गॅस, गॅसवर चूल, पुढे गाडीही: ही जाहिरात तुम्ही वाचलेली आहेच. आता न छापलेला भाग.

जोयडा तालुक्यातल्या एका गावी गोबर गॅसचं उद्घाटन होतं. बडे पाहुणे येणार म्हणून घाईघाईने शेण कालवून टाकी भरलेली. नव्या टाकीतला पहिला वायू बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, सोडून द्यायचा असतो. गवंड्याला हे ठाऊक होतं, कार्यक्रमपत्रिकेला नव्हतं. पाहुण्यांनी काडी ओढली आणि शेगडी झकास पेटली. टाळ्या! आभारप्रदर्शनात भिंतीपलीकडच्या लाल सिलिंडरचा उल्लेख तेवढा राहून गेला.

टाकी कोणती चांगली, यावरची भांडणंही जुनी. खादी आयोगाच्या तरंगत्या लोखंडी ड्रमचे समर्थक सांगत, ड्रम वर आला की गॅस डोळ्यांनी दिसतो. 1984 साली आलेल्या, जमिनीत पुरलेल्या ‘दीनबंधू’चे पाठीराखे म्हणत, गंजही दिसतो. आमच्याकडच्या पावसाने कुणाची बाजू घेतली, हे सांगायला नको.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी तर गायीलाच वगळलं. शेण म्हणजे गायीने सत्त्व काढून घेतलेला चारा. मग गॅस करणाऱ्या जंतूंना पीठ, साखर, उष्टं थेट का देऊ नये? शेण फक्त सुरुवातीला, विरजणापुरतं. त्यांच्या ‘आरती’ संस्थेच्या या संयंत्राला 2006 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. हे ऐकून एका उत्साही आचाऱ्याने लग्नातलं उरलंसुरलं, जिलेबीच्या पाकासकट, एकदमच टाकीत ओतलं. आम्ल वाढलं, मिथेन करणाऱ्या जंतूंनी मान टाकली. मग टाकीला उपास आणि चुन्याची निवळी. गॅस परतला, तोवर नवरी मांडवपरतणीला येऊन गेली होती.

खरी मजा शुद्धीकरणात. कच्च्या गॅसमध्ये मिथेन साधारण 55 ते 60 टक्के. गाडीसाठी किमान 90 लागतो. कार्बन डायऑक्साइड दाबाखालच्या पाण्यात धुऊन काढता येतो. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा तो वास, इंजिन खातो. त्याला लोखंडाच्या किसात अडकवतात. केंद्र सरकारच्या 2018च्या ‘सतत’ योजनेने 2023पर्यंत असा शुद्ध गॅस करणारे 5000 प्रकल्प जाहीर केले होते. 2023 उजाडलं तेव्हा शंभरही चालू नव्हते.

जे चालू झाले, तिथला शेवटचा नळ पाहण्यासारखा असतो. एवढा खर्च करून वास घालवलेल्या गॅसची गळती नाकाला कळत नाही. म्हणून विकण्याआधी त्यात थोडा वास मिसळतात. काढलं ते गंधकाचं संयुग, घालतात तेही गंधकाचंच. फक्त दुसऱ्याचं बिल वेगळं येतं.