जखमेतल्या अळ्या

मुलांनो, पावसाळ्यात सोनईतलं एखादं कुत्रं सारखी एकच जखम चाटताना दिसलं, तर घरी मोठ्यांना सांगा. माशीने तिथे अंडी घातली, की दिवसभरात अळ्या वळवळू लागतात. त्यांची श्वासाची भोकं शेपटाकडे! म्हणून तोंड मांसात आणि शेपूट वर. मोठ्यांनी कुत्र्याचं तोंड बांधून, मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवत एकेक अळी चिमट्याने काढायची. एकही आत राहता कामा नये. टर्पेंटाइनने त्या गुदमरून वर येतात खऱ्या. पण ते झोंबतं, चाटलं तर विषारी. डॉक्टरांना विचारूनच वापरा. फिनेल, पेट्रोल तर मुळीच नको! जखम खोल असेल तर १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर फोन लावा. आणि कुत्रं चावलंच तर जागा साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा.