काचेची पट्टी आणि बिडाचं यंत्र

जव्हार-मोखाड्यातून कामासाठी खाली उतरणाऱ्या माणसांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा बोलण्यात पहिलं नाव वीटभट्टीचंच निघालं. ते स्थलांतर मोठं आहे आणि त्यावर लिहिलंही जातं. पण याच तालुक्यांतली मुलं आयटीआय करून विक्रमगड-मनोरमार्गे बोईसरला येतात, तारापूर एमआयडीसीच्या आसपासच्या गाळ्यांमध्ये लेथवर, मिलिंगवर उभी राहतात. त्यांच्याविषयी कुणी फारसं विचारत नाही. मला त्यांना भेटायचं होतं. भेटलोही, पण खरा रमलो तो एका मिलिंग मशीनपाशी आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या एका फिटरपाशी.

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं, ठाणे जिल्ह्यात गेलं आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. एवढ्या काळात वर रेल्वे पोचली नाही आणि मोठी कारखानदारीही नाही. ज्याला लोखंडात काम करायचं, त्यानं एक तर बोईसर गाठायचं, नाही तर त्र्यंबकच्या रस्त्यानं नाशिक.

हे फिटर मोखाड्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. गाळ्यात लहानमोठे सगळे त्यांना मामा म्हणतात. आसपासच्या रासायनिक कारखान्यांना लागणारे फ्लँज, पंपांची झाकणं, शाफ्टवरच्या चाव्यांच्या खाचा ही इथली रोजची कामं. मिलिंग मशीन एम-वन-टीआर जातीचं, कितीतरी हातांखालून गेलेलं. टेबल सरकवणाऱ्या स्क्रूची पिच ५ मिलिमीटर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात टेबल तेवढं पुढे जायला हवं. पण स्क्रू आणि नट झिजले की दोघांत खेळ पडतो. हँडल उलट फिरवलं की सुरुवातीला नुसतं हँडलच फिरतं, टेबल जागचं हलत नाही. म्हणून जुना कारागीर मापाच्या मागे जातो आणि पुन्हा एकाच दिशेनं मापावर येतो. मामा हे करताना बघावं. डावा हात टेबलाच्या कडेला टेकलेला असतो, उजव्या हातानं हँडल येतं आणि शेवटच्या दोन घरांवर ते बोटांच्या टोकांनी नुसतं ढकलतात. खेळ कुठं संपला ते डाव्या तळव्याला कळतं.

गाळ्याच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, डीआरओ (डिजिटल रीडआउट) आणला तो या कसबाचा भार हलका करायला. अॅल्युमिनियमच्या पन्हाळीत बसवलेली काचेची पट्टी, तिच्यावरून धावणारं रीडर हेड आणि आकडे दाखवणारा डिस्प्ले. काचेवर दर २० मायक्रॉनला एक रेघ, म्हणजे मिलिमीटरमध्ये ५०. पट्टीची मोजती लांबी ६०० मिलिमीटर असेल तर ३० हजार रेघा. हेडमधला दिवा त्या रेघांतून उजेड पाडतो आणि समोरचे डोळे उजेड-अंधाराचे दोन संकेत उचलतात, एकमेकांपासून पाव टप्पा सरकलेले. कुठला संकेत आधी आला त्यावरून टेबल डावीकडे चाललंय की उजवीकडे ते कळतं आणि एका टप्प्याचे चार भाग पडून ५ मायक्रॉनपर्यंत मोजता येतं. जर्मनीच्या हायडेनहाइननं या विद्येत नाव कमावलं. १८८९ साली बर्लिनमध्ये ती कंपनी धातूवर आकृत्या कोरण्यापासून सुरू झाली होती. आपल्याकडे पुण्याची इलेक्ट्रॉनिका अशा पट्ट्या बनवते. पट्टी टेबलाची चाल थेट मोजते, स्क्रूला विचारतच नाही, त्यामुळे स्क्रूमधल्या खेळाचा प्रश्न मापापुरता मिटतो. फ्लँजवरच्या गोलाईत आठ भोकं पाडायची तर व्यास आणि भोकांची संख्या द्यायची. प्रत्येक भोकाची जागा डिस्प्ले सांगतो.

खोक्यातल्या कागदावर बसवण्याची कृती चार चित्रांत उरकलेली होती. मामांच्या घोड्यानं पेंड खाल्ली ती पहिल्याच चित्राशी.

चित्रात मशीनचं अंग सपाट असतं. खऱ्या मशीनची टेबलाची मागची कड ठीक असते, पण जिथं हेड धरायचं ती सॅडलची, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं त्या भागाची, बाजू ओतीव, खडबडीत, वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेली. मामांनी रंग खरवडला तर खाली लांबीचा जाड थर निघाला. त्यावर ब्रॅकेट आवळलं असतं तर काही दिवसांत लांबी दबून हेड हललं असतं. सगळी लांबी काढून बीड उघडं केलं, मग भोकं. बिडात मध्येच कडक जागा लागते. तिथं पाच एमएमचा टॅप कट्‌कन मोडला आणि तुकडा आतच राहिला. भोकाची जागा बदलली, मग ब्रॅकेटही नवं कापावं लागलं.

त्यानंतर पट्टी सरळ करण्याचं काम. डायल गेज सॅडलवर उभा करून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. वरून आणि समोरून, दोन्हीकडून काटा ०.१ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. काटा राहतो. बोल्ट आवळला की जातो. पुन्हा सैल, पातळ पत्रा सरकवा, पुन्हा आवळा. मी विचारलं, एवढा तिरकेपणा मापात किती फरक पाडणार?

"मापात काहीच नाही हो," मामा म्हणाले. "हेड मरतं."

हिशेब केला तर ते खरंच आहे. ६०० मिलिमीटरला अख्खा १ मिलिमीटर तिरकं बसवलं तरी लांबीत एक मायक्रॉनही पडत नाही. पण हेड आणि पन्हाळ यांच्यातलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर. ते एका टोकाला आवळलं गेलं की आतल्या चाकांवर ताण येतो, काच घासते आणि काही महिन्यांत आकडे उड्या मारू लागतात. मग दोष पट्टीच्या माथी.

पट्टी टेबलामागे बसवल्यावर टेबल कॉलमकडे पूर्वीइतकं आत जाईना. पट्टी आणि तिचं झाकण यांच्या जाडीएवढी चाल कायमची गेली. आडव्या चालीची पट्टी तर नीच्या, म्हणजे सॅडलला खालून पेलणाऱ्या भागाच्या, बाजूला, जिथं कूलंट आणि कीस थेट पडतो. रबरी ओठ खाली करून वर पत्र्याचं छप्पर केलं. हे सगळं जमलं आणि स्पिंडल सुरू केला तर टेबल स्थिर असताना आकडे थरथरू लागले. कारण मोटारीचा ड्राइव्ह. डिस्प्लेची अर्थिंग ड्राइव्हच्याच तारेला जोडलेली होती. ती वेगळी केली, हेडची केबल मोटारीच्या केबलपासून दूर नेली, तेव्हा आकडे शांत झाले. वीज गेली की आणखी एक काळजी. ही पट्टी किती सरकलं ते मोजते, कुठं आहे ते तिला माहीत नसतं. वीज नसताना कुणी टेबल हलवलं तर डिस्प्ले परत येताना जुनाच आकडा दाखवतो आणि जॉब वाया जातो. त्यामुळे वीज आल्यावर शून्य पुन्हा काढल्याशिवाय कटर लावायचा नाही, असं मामांनी गाळ्यात जव्हारहून आलेल्या दोन पोरांना बजावलंय.

सगळं सुरळीत झालं असं वाटल्यावर मामांनी चाचणीचा जॉब केला. डिस्प्लेनं शंभर मिलिमीटर बरोबर सांगितलं आणि दोन भोकांमधलं अंतर तीन शतांश कमी भरलं. शेठचा चेहरा पडला. पट्टी परत पाठवायची भाषा सुरू झाली.

मामांनी डायल टेबलावर उभा केला, टेबल टोकाला नेलं आणि कोपऱ्यावर हातानं दाबलं. काटा हलला. "पट्टी खरं बोलतेय, शेठ. टेबल मान टाकतंय."

मशीनच्या सरक्या मधोमध झिजतात, कारण बरंचसं काम मधोमधच होतं. सरकीतली फट भरणारी गिब मधल्या जागेला घट्ट केली तर टेबल टोकांना अडकतं, टोकांच्या हिशेबानं ठेवली तर मध्ये सैल राहतं. टेबल तिरपं झालं की पट्टी आपल्या उंचीवरची चाल बिनचूक सांगते. पण कटर तिच्या वर, जॉबच्या उंचीवर असतो. मीटरला ०.१ मिलिमीटरचा तिरपेपणा आणि पट्टीपासून २०० मिलिमीटर वर चाललेलं काम, एवढ्यानंच दोन शतांश जातात. हे एर्न्स्ट आबे यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवलंय : मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एका रेषेत हवी. मिलिंग मशीनवर ते शक्य नसतं. मग उरतं ते एकच, टेबल कमीत कमी डुलेल असं करणं.

ते काम आयटीआयत मामा शिकले होते. निळी लावायची, पृष्ठभाग एकमेकांवर घासायचे, जिथं निळी उठेल तिथं स्क्रेपरनं खरवडायचं, पुन्हा निळी. मी गेलो तेव्हा गिब बाकावर होती आणि मामा तिच्यावर वाकलेले होते. मनगट हलत नव्हतं, कमरेपासूनचं सगळं अंग स्क्रेपरमागे होतं आणि निघत होती ती बिडाची राखेसारखी भुकटी. ज्या पट्टीनं हाताचं कसब कमी लागेल असं वाटलं, तिच्यासाठीच हे जुनं काम बाहेर काढावं लागलं. मला त्याचा आनंद झाला आणि काळजीही वाटली. अशा गाळ्यांत डीआरओ येत राहणार, पण गिब खरवडू शकणारा हात या गाळ्यात आज एकच आहे. दोन पोरांपैकी एकाला मामांनी निळीच्या डबीपासून सुरुवात करून दिलीय. दुसऱ्याला मोबाइलवरचा सीएनसीचा कोर्स करायचाय आणि त्याचंही चूक नाही.

लांब आणि आडव्या चालीच्या पट्ट्या आता चालू आहेत. शंभराच्या अंतरात एक शतांश फरक उरलाय. फ्लँजच्या कामाला तो चालतो. उभ्या चालीची पट्टी अजून खोक्यातच आहे. नीची गिब खरवडून होईपर्यंत ती बसवायची नाही, असं मामांनी सांगितलंय आणि शेठनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिलीय. तोवर खोलीचं माप हँडलच्या घरांवर आणि डायलवर.