बरोबरींत सुटलेला डाव

बुद्धिबळाचा डाव बरोबरींत सुटला म्हणजे श्रम व्यर्थ गेले, असें पुष्कळांस वाटतें. सांघिक सामन्यांत मात्र तसें नसतें. दोन मंडळांचे चार चार गडी चार पटांवर बसतात; विजयास एक गुण व बरोबरीस अर्धा. तीन डाव संपून आपल्या संघाचे दोन व प्रतिपक्षाचा एक गुण झाला असेल, तर चौथ्या गड्याच्या अर्ध्या गुणानेंच संघ जिंकतो.

या चौथ्यापाशीं केवळ राजा उरला असून समोर राजा, उंट व अगदीं कडेच्या उभ्या रांगेंतील प्यादें आहे, असें समजा. उंट एकाच रंगाच्या घरांतून फिरतो. प्यादें ज्या कोपऱ्यांत वजीर व्हावयाचें, तें घर दुसऱ्या रंगाचें असेल, तर आपला राजा वेळींच तेथें नेऊन बसवावा. उंट त्यास हुसकूं शकत नाहीं. प्रतिपक्षानें भोंवतालचीं घरें रोखलीं, तर शह नसतांहि खेळी उरत नाहीं. हीच जिच, तिनें डाव बरोबरींत सुटतो.

मोठ्या स्पर्धांतहि बरोबरीचें मोल असतें. २०२४ सालीं बुडापेस्ट येथील ऑलिंपियाडमध्यें खुल्या गटांतील भारतीय संघानें अकरांपैकीं दहा सामने जिंकले. नवव्या फेरींत उझबेकिस्तानशीं मात्र २–२ अशी बरोबरी झाली. सुवर्णपदक भारतासच मिळालें.

जिंकणें अशक्य झालें म्हणून हरणें अटळ होत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आपला अर्धा गुण सोबत्यांच्या श्रमांचें रक्षण करतो.