नळाचा वास, जारची चव

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. महापालिकेने नळासोबत खासगी आरओ प्रकल्पांचंही पाणी तपासलं, तेव्हा त्यातल्या काहींचं पाणी पिण्यास अयोग्य ठरलं. नळाला घाबरून ज्याच्याकडे वळावं, तेच दूषित!

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडमध्ये नळाची ही भीती जुनी आहे, आणि ती निराधार नाही. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुण्याचं सांडपाणी घेऊनच. काठावरच्या माणसाला जलपर्णी दिसते, फेस दिसतो. मग दुकानात, लग्नाच्या मांडवात वीस लिटरचे थंड जार येतात आणि सीलबंद बाटली कुठल्याही कंपनीची असो, ती ‘बिसलेरी’च असते. हे इटालियन नाव 1965 मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून आपल्याकडे रुजलं.

पण घरात पाणी पारखलं जातं ते नाकाने आणि जिभेने. नळाला ‘पावडरचा वास’ आला की लोक नाक मुरडतात. आरओमध्ये क्षार कमी होतात, म्हणून ते पाणी गोड लागतं. जंतू मात्र ना वासाने कळतात, ना चवीने.

ही पावडर म्हणजे ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल, क्लोरिन असलेली ब्लीचिंग पावडर. तिच्यामागे अमेरिकन डॉक्टर जॉन लील यांचं धाडस आहे. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात जडलेल्या अतिसाराने ते वर्षानुवर्षं खंगत गेले. 1908 मध्ये लील यांनी जर्सी सिटीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा अंश मिसळायला सुरुवात केली, तीही कुणाची परवानगी न घेता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी श्रेय बरंचसं अभियंता जॉर्ज फुलर यांच्याकडे गेलं. लील यांच्या थडग्यावर स्मारकशिळा बसली ती थेट 2013 मध्ये. असंख्य मुलांना पटकी-विषमज्वरातून वाचवणाऱ्या माणसाची इतकी उपेक्षा व्हावी, हे मनाला लागतं.

क्लोरिनने क्षार किंवा कारखान्यांची रसायनं निघत नाहीत, हेही खरं. ती पाण्यात आहेत का, हे कळायला प्रयोगशाळेचीच तपासणी हवी.

जंतूंना अडवायला मात्र, भारतीय मानकानुसार, क्लोरिन घातलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहायला हवा. गावातले जलसुरक्षक हेच ओटी टेस्टने पाहतात: नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे (ओटी) थेंब टाकले की, क्लोरिन असेल तर, पिवळा रंग येतो. आरओच्या जारमध्ये तो सहसा येत नाही, कारण तिथल्या कार्बन फिल्टरने क्लोरिन आधीच काढलेला असतो. मग जार नीट धुतला नसेल किंवा तोटीला मळका हात लागला असेल, तर आत शिरलेल्या जंतूंना अडवायला त्या पाण्यात काहीच उरलेलं नसतं.