मशेरीचे दात कसे उजळावेत?

घरात लग्न ठरले की फोटोचा विषय निघतो आणि आई-मावशा तोंडाला पदर लावतात. वाळव्यापासून पाटणपर्यंत शेतीच्या कामाने फिरताना मशेरीने काळवंडलेले दात मी घरोघर पाहतो. मग कोणी लिंबू-सोडा चोळते, कोणी कोळसा. भगिनींनो, हे करू नका. शेताची वरची माती वाहून गेली तर शेणखत घालून जमीन सुधारता येते. दाताचे वरचे कवच झिजले की पुन्हा येत नाही.

मशेरीचा डाग बहुधा वरवरचा असतो. दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घ्या. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. कराड आणि सांगलीला दंत महाविद्यालये आहेत, तेथे दाखवावे. त्याहून पांढरे हवेत तर दोन वाटा आहेत. दवाखान्यात तीव्र औषध लावून एक-दोन बैठकांत काम होते. घरी करायचे तर डॉक्टर दातांच्या मापाचा साचा देतात. त्यात सौम्य औषध भरून तो दोनेक आठवडे रोज लावायचा. लग्नाला अवकाश असेल तर मी दुसरी वाट धरीन. दोन्हींत दात काही दिवस सणकतात. कवळी मात्र उजळत नाही.

दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली, पण घरच्या तव्यावरच्या मशेरीला कोण अडवणार? ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे माझी आईही म्हणे. मशेरी चालू राहिली तर डाग परत येणारच. डॉक्टरांकडे जाल तेव्हा गालाच्या आतून पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तेही पाहून घ्या. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर लग्नाची तारीख पाहत थांबू नका.